आडवी बाटली आणि सरांची अमेरिका

पाणीपट्टी वाढली त्या सकाळी आमच्या सरांनी फाट्यावरच्या टपरीत चहा सांगितला, आलेला कप दोन्ही हातांनी उचलला आणि चारचौघांच्या देखत गटारात ओतला. वर म्हणाले, "आम्हाला न विचारता लावलेली पट्टी आम्ही मानत नाही!" टपरीवाला कपबश्या धुता धुता थांबला. "सर, पट्टी पंचायतीनं वाढवलीया की. माझ्या च्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" मग सर बाकावर बसले. राजाच्या करावर चिडून अमेरिकेतल्या लोकांनी चहाच्या पेट्याच्या पेट्या समुद्रात कशा फेकल्या, तिथनं पुढं त्यांची स्वातंत्र्याची लढाई कशी पेटली, सगळं सांगत बसले. दोन एसटी निघून गेल्या. टपरीवाल्यानं निमूट ऐकून घेतलं आणि दुसरा कप पुढं केला. "ह्यो प्या. हितं समुद्र न्हाय."

तर असे आमचे सर. कोल्हापूरच्या एका कॉलेजात त्यांनी उभा जन्म एकच विषय शिकवला, अमेरिकेचा इतिहास. मी बी.ए.ला त्यांच्या हाताखाली होते. शिवाय गावही एकच, कागलच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत. सकाळी सायकलच्या हँडलला दुधाची किटली अडकवून सर डेअरीवर जायचे, तिथनं परस्पर फाट्यावर, आणि सायकल टपरीमागं टाकून एसटीनं कॉलेजात. पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. तो काढायचा राहूनच जायचा. तिकडच्या यादवी युद्धाचे पाचही तास आम्ही त्या चिमट्यासकट ऐकले. अमेरिकेला म्हणाल तर ते कधी गेले नाहीत. तिकडं नोकरीला असलेल्या एका विद्यार्थ्यानं बोलावलं होतं. सर म्हणाले, "नको रे बाबा. गेलो, आणि माझ्या मनातल्यासारखी नसली तर?"

सरांच्या अमेरिकेत माणसांना नावं नव्हती. कुठल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं असेल तर शपथ! "नावं परीक्षेत लिहा," म्हणायचे. "मला एवढंच सांगा, कोण उठलं, कोण बसलं, आणि त्यानंतर कोण उपाशी राहिलं." यादवी युद्ध शिकवताना त्यांनी वर्गाच्या मधोमध खडूनं रेघ मारली. इकडचे उत्तरेकडचे, तिकडचे दक्षिणेकडचे. रेघेपलीकडच्या मैत्रिणीकडनं पेन मागायचा नाही, डबा वाटून खायचा नाही. दोन दिवसांत वर्गात खरोखरच भांडणं लागली. तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "भावाभावांत वैर का आलं? बांधावरनं? न्हाय! तिसऱ्याच माणसाच्या पाठीवरनं. ती पाठ कोणाची, ह्यावरनं हे दोघं भांडत होते, आणि पाठ ज्याची होती त्याला कोणी विचारलंच नव्हतं." मग गुलामी कशी संपली ते त्यांनी असं काही सांगितलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झालं! सरांनी डस्टर टेबलावर आपटला, खडूचा धुरळा उडाला. "टाळ्या कसल्या वाजवताय? पुढची शंभर वर्षं कोण सांगणार, तुमचा मामा?"

ही त्यांची खोड. गोड जागी थांबणं ह्या माणसाला जमायचंच नाही. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्यांचं "आणि मग?" यायचंच. लग्नात अक्षता पडल्या की म्हणायचे, "झालं लग्न. आणि मग?" सरपंच निवडून आला, गुलाल उधळला, सर हार घालून कानात विचारून आले, "आणि मग?" माणसं वैतागायची. मी तर किती वेळा वैतागले!

लग्न होऊन मी कोल्हापुरात राजारामपुरीत आले आणि ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं. रिटायर झाल्यावर सर महिन्यातनं एकदा तरी दुकानात टपकायचे. बायका माप द्यायला उभ्या, माझ्या तोंडात टाचण्या, आणि सरांचं सुरू. "ताई, हिच्याच धंद्यातली एक बाई होती. शिवणकाम करायची. कामावरनं दमून बसमध्ये बसलेली. गोऱ्या माणसाला जागा दे म्हणाले. ही उठली नाही. पोलिसांनी धरून नेली. मग तिच्या लोकांनी बसमध्ये पायच ठेवला नाही. वर्षभर चालत गेली कामावर, म्हातारीकोतारी सुद्धा. शेवटी कोर्टानं बसवाल्यांना नमवलं." गिऱ्हाईक बाई माप विसरून ऐकत होती. डोळे पुसत म्हणाली, "किती छान वो!" मी मनात म्हटलं, सर, आता तरी थांबा. कुठलं काय! "आणि मग? त्या बाईची शिवणाची नोकरी गेली." बाईचं तोंड एवढंसं झालं. मी टाचण्या काढून म्हटलं, "सर, अहो अर्धी गोष्ट सांगितली असती तर काय बिघडलं असतं?" तर म्हणाले, "अर्धा इतिहास म्हणजे थाप, पोरी. थाप मारायची तर इतिहास कशाला शिकायचा?"

त्यांचं लग्न का झालं नाही, तेही सांगते. माझ्या आईनं डोळ्यांनी बघितलेलं आहे. तरुणपणी सर मुलगी बघायला गेले. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं. मग सरांनी मुलीच्या बापाला सांगितलं, "आता सगळ्यांनी बाहेर जायचं." बाप उडालाच. सर म्हणाले, "पूर्वी अमेरिकेत सगळ्यांसमोर मत द्यायला लागायचं, म्हणून गरीब माणूस मालकाच्या दबावाखाली राहायचा. पुढं गुप्त मतदान आलं. मुलीनं एकटीनं खोलीत बसून चिठ्ठीवर हो की नाही लिहावं आणि घडी घालून तांब्यात टाकावं." सगळी मंडळी अंगणात उभी. तांब्या बाहेर आला. चिठ्ठीवर 'नाही'. सरांना असा काही आनंद झाला म्हणता! येताना कागलच्या स्टँडवर उतरून पेढे घेतले आणि गावात वाटत सुटले. "एका मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा खरं मत दिलं!" त्यांच्या आईनं कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या, नकाराचं पेढं वाटतोस व्हय?" पुन्हा काही त्यांनी लग्नाचं नाव काढलं नाही.

घरात धाकटा भाऊ बाळू, त्याची बायको शोभावैनी आणि त्यांची उशिरा झालेली आराध्या, म्हणजे आरू. बाळू शाळेत माझ्याच वर्गात होता. मधल्या चार बहिणींमुळं सरांत आणि त्याच्यात बापलेकाचं अंतर. सरांनीच त्याला वाढवलेलं, सायकल शिकवलेली, आयटीआयला घातलेलं. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तो लागला. हाताला गुण होता, मालक खूश. स्वभावानं लाख माणूस. पण गावात शिरतानाच देशी दारूचं दुकान, आणि कंपनीची बस फाट्यावर सोडली की बाळूचे पाय तिकडं वळायचे ते वळायचेच. शुद्धीत तो बायकोला कधी वावगं बोलला नाही, आणि पिऊन आला की ताट भिंतीवर. आरू पाच वर्षांची. त्याची चाहूल लागली की कॉटखाली जायची, आणि तिथंच झोपायची.

शोभावैनी मोठी मोकळी बाई. पण आमच्याकडची जुनी रीत, थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. सरांनी शंभरदा सांगितलं असेल, माझ्याशी बोल म्हणून. पण सासूनं लावलेलं वळण, सुटेना. मग सगळं आरूमार्फत. "आरू, दादांस्नी म्हणावं आमटी गार व्हायलीया." सरही तसेच. "आरू, आईला म्हणावं आलोच." आरू शाळेत गेली की पंचाईत. मग वैनी गोठ्याकडं तोंड करून म्हशीला सांगायची, "म्हशे, दादांच्या गोळ्या फडताळात हायत्या." आणि सर म्हशीला म्हणायचे, "बरं." मी हसून हसून मरायची. एवढं खरं, की ह्या दोघांइतकं एकमेकांना जपणारं दीर-भावजय मी दुसरीकडं बघितलं नाही.

गेल्या वर्षी ह्याच वैनीनं पदर खोचला. तुम्हाला ठाऊक असेलच, गावातल्या बायकांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान घेतात. मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. आणि मेख अशी की आलेल्या बायकांतल्या निम्म्या चालत नाहीत. यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी करायला पाहिजे. जी घरात बसली, ती दुकानदाराचीच झाली म्हणायची. वैनीनं दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. बाळू आठ दिवस घरात जेवला नाही. "माझी बायकू माझ्याच मुळावर उठलीया," म्हणून गावभर सांगत फिरला.

तारीख जाहीर झाली, आणि बायकांनी मारुतीच्या देवळासमोर सभा लावली. आरू सांगत आली, "दादा, आई म्हंतीया सभंला बोलाया या." सर हरखले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले. मीही त्या दिवशी माहेरी होते. सर उठले आणि मी कपाळाला हात लावला, कारण मला माहीत होतं, हा माणूस अर्धं सांगणार नाही.

तसंच झालं. "अमेरिकेतल्या बायकांनीही दारूविरुद्ध अशीच हाक दिली," म्हणाले, "आणि अख्ख्या देशात दारूबंदी आणली." टाळ्या! "आणि मग? फसली. चोरून भट्ट्या निघाल्या. गुंड गब्बर झाले. पोलीस विकले गेले. तेरा वर्षांनी सरकारनं कायदा मागं घेतला." पुढं सर म्हणाले, आणि हे फार सुंदर म्हणाले, "पण त्यातल्या बहुतेक बायकांना सुरुवातीला मतच नव्हतं. दारूशी भांडता भांडता त्या मतासाठी भांडायला शिकल्या. तुमच्या हातात मत आहे. ते घरात ठेवून गंजवू नका." पण दुकानदाराचा माणूस मोबाइल घेऊन कडेला उभा होता, आणि त्याला पाहिजे तेवढंच त्यानं घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर सर झळकले. "फसली. चोरून भट्ट्या निघाल्या." एवढंच. खाली लिहिलं होतं, 'खुद्द प्राध्यापक काय म्हणतात ते ऐका.' तिसऱ्या दिवशी रिक्षाला कर्णा बांधून गल्लोगल्ली, "अमेरिकंत फसली, हितं कशी चालंल? अमेरिकंत फसली, हितं कशी चालंल?" म्हशी दचकायला लागल्या. ज्या बायका आडवी करणार म्हणून शपथा खात होत्या, त्या म्हणायला लागल्या, "एवढा शिकल्याला माणूस म्हंतुया, मग उगं कशाला वाईटपणा घ्यायचा?" मी सरांना कोल्हापूरहून फोन केला. म्हटलं, "सर, काय केलंत हे!" तर म्हणाले, "मी खोटं काय बोललो ते सांग." मला असा राग आला, मी फोनच ठेवून दिला.

रविवारी गावाला गेले. घरात सुतक पडल्यासारखं. वैनीनं आरूकडं निरोप द्यायचंही सोडलं होतं. सरांचं ताट दुसऱ्या ताटानं झाकून कट्ट्यावर ठेवायची आणि निघून जायची. सर माझ्याजवळ आले, अगदी लहान पोरासारखे. "तू तिला सांग की. मी पुढचं बोललो होतो, ते त्यांनी कापलं." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." मग ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि चुलीकडं बघत सुरू झाले. भट्ट्या, गुंड, पोलीस, कायदा कसा आला, कसा गेला. वैनी पाठमोरी, भाकरी थापत होती. थापता थापता हात थांबला. उठली. पिठाच्या हातानं पदर सावरला आणि वळून सरांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, किती वर्सं टिकली म्हंलासा ती तिकडची बंदी?"

सर चाचरले. "तेरा."

"तेरा वर्सं?" वैनीचा आवाज चढला. "आवं, माझी पोरगी पाचाची हाय. तेरा वर्सांत अठराची हुतीया. तेरा वर्सं ह्या घरात ताट वाजायचं न्हाय. तेरा वर्सं माझी पोर कॉटवर झोपंल, कॉटखाली न्हाय. आन् तुमी फसली म्हंतासा? कुणाची फसली? मला द्या की तेवढी फसल्याली तेरा वर्सं! फुडं उघडू दे दुकान न्हायतर उघडू दे गुत्तं. माझी पोरगी मोठी झाल्याली आसंल!"

तव्यावरची भाकरी करपत होती. मी उठून उलटली, कारण दुसरं काही सुचेना. सर दारातच उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, जसे वर्गात एखादा सवाल आडवा आला की हलायचे. मग चप्पल घातली, चिमटा लावला आणि सायकल काढून गेले.

कुठं गेले असतील? रिक्षाच्या मागं! देवाशपथ सांगते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पुढं रिक्षा, "अमेरिकंत फसली," आणि मागनं हे म्हातारे सायकल हाणतायत. रिक्षा चौकात थांबली की हे उतरायचे आणि स्टँडवर सायकल लावून खड्या आवाजात म्हणायचे, "बरोबर आहे, फसली! तेरा वर्षांनी फसली! आता घरात जाऊन प्रत्येकीनं मोजा, तेरा वर्षांत आपलं पोरगं केवढं होतं!" रिक्षावाल्यानं वेग वाढवला, तर ह्यांनी बोळातनं काढून त्याला वेशीत गाठला. शेवटी रिक्षावालाच कंटाळला. "सर, दम खावा, मरशीला," म्हणाला, आणि कर्णा बंद करून त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्या संध्याकाळी विहिरीवर, गिरणीत, जिथं तिथं बायका बोटं मोजत होत्या.

पण यादीचं गणित काही जुळेना. कारण यादीत गावच्या लेकी होत्या. लग्न होऊन कुठं कुठं गेलेल्या, पण नाव अजून माहेरच्याच यादीत. त्या येणार नाहीत, म्हणजे सगळ्या दुकानदाराच्या पारड्यात. सरांनी त्यांना फोन लावायला घेतले. कोण नृसिंहवाडीला दिलेली, कोण निपाणीला, कोण पुण्याला. माझाही फोन वाजला. माझंही नाव माहेरीच होतं, बदलायचं राहूनच गेलेलं. पहिला प्रश्न काय, तर "सासरच्या यादीत नाव घातलंयस का? घातलं असशील तर मत द्यायचं नाही. दोन्हीकडं नाव असणं म्हणजे लबाडी." मी म्हटलं, "नाही हो." "मग ये." शेजारच्या सुमनला त्यांनी विचारलं, तिनं खरं सांगितलं, दोन्हीकडं आहे. तर म्हणाले, "मग मताला येऊ नको. जेवायला ये." कपाळ माझं! एकेक मतासाठी जीव टांगणीला लागलेला आणि हे हातचं मत घालवत होते. सुमन जेवायला आली मात्र.

मतदानाच्या दिवशी गावाला जत्रेचं रूप. एसटीतनं, मोटरसायकलवर, लेकरं कडेवर घेऊन लेकी उतरत होत्या. कुणी शेंगदाण्याची चटणी आणलेली, कुणी सासूच्या वाकळेसाठी जुनेर न्यायला पिशवी आणलेली. माझी आई दारात भाकरतुकडा ओवाळत म्हणाली, "पंचमीला बोलावलं तर येत न्हाईस. बाटलीला बरी आलीस!" सरांनी सकाळपासनं म्हाताऱ्या ओढायचं काम घेतलेलं. सायकलच्या कॅरिअरवर पोतं बांधून त्यावर एकेक आजी. आमच्या गल्लीतली सखूआजी वाटेत म्हणाली, "कंच्या बाटलीवर शिक्का मारू रं?" सर म्हणाले, "आजी, ते मी सांगणार नाही. मत गुप्त असतं." "मग मला आणलंस कशाला, मुडद्या?" आजी शाळेतल्या मतदान केंद्रात गेली आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "आडवी केली गं बायांनो! जलमभर म्हाताऱ्याला आडवं बघितलं, आता बाटलीला बघू या!" मतदान घेणारे साहेब लोकही हसायला लागले. सर तेवढे चिडले. "गुप्त, आजी, गुप्त!"

दिवस मावळायच्या आत मोजणी झाली. आडवी निघाली, पण अगदी काठावर. बायकांनी एकमेकींच्या तोंडाला गुलाल फासला. वैनी देवळाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. मी सरांकडं बघत होते. म्हटलं आता येणार, "आणि मग?" सगळाच गाव बहुधा त्याचीच वाट बघत होता. सर मात्र सायकलच्या कॅरिअरवरचं पोतं सोडून नीट घडी घालत होते.

दुकानाला कुलूप लागलं. आणि मग? सांगितलं पाहिजे, नाहीतर सर मला सोडायचे नाहीत. बाळूनं पहिला आठवडा हायवेवरच्या हॉटेलात पीत काढला. वैनीचा चेहरा पुन्हा उतरला. तेव्हापासनं सर रोज कंपनीची बस यायच्या वेळी फाट्यावर जाऊन उभे राहायला लागले. बाळू उतरला की त्याचा डबा सायकलला अडकवायचा आणि त्याच्या बरोबर चालत घरी यायचं. मला म्हणाले, "दुकान बायकांनी बंद केलं. फाट्यापासनं घरापर्यंतचा रस्ता माझ्याकडं आहे." वाटेत काय करता, विचारलं, तर "बोलतो." काय बोलणार, अमेरिका! बाळूनं मला हात जोडले. "तू तरी सांग गं त्यांस्नी. दारू सुटंल न सुटंल, पर त्या यादवी युद्धानं माझं डोस्कं उठलंय. आज रेघ मारली रस्त्यात!" पण चिडत चिडत का होईना, तो चालायचा. ज्या हातांनी सायकल शिकवली ते हात झिडकारून हॉटेलाकडं वळायचं धाडस त्याला दोनदाच झालं. दोन्ही वेळा सर हॉटेलाबाहेर सायकल धरून तो बाहेर येईपर्यंत उभे होते.

पंचमीच्या आधी मी पुन्हा गेले. आईकडं पिशवी टाकली आणि सरांच्या घरी आले. दिवे लागायची वेळ. वैनी ताटं घेत होती. दारात सायकल वाजली. बाळू आत आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. हात थोडे कापत होते, म्हणून मांडीवर दाबून ठेवले होते. सर शेजारच्या पाटावर. मी भिंतीला टेकून. एवढ्या वेळेला बाळू घरात असला की त्याच्याशी काय बोलायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आरू बाहेर खेळत होती. ती उंबऱ्यात आली आणि थबकली. बापाकडं बघितलं, त्याच्यापुढच्या ताटाकडं बघितलं, काकाकडं, माझ्याकडं बघितलं. आणि आईच्या पदराला धरून हळूच विचारलं, "आई, आज सण हाय व्हय?"

बाळूची मान खाली गेली. सरांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

वैनी म्हणाली, "व्हय, बाळा. सण हाय." मग ती उठली, फडताळातला वरचा डबा काढला, कढईत तेल ओतलं आणि कुरडया तळायला घेतल्या.